हुर्यो: अ‍ॅडम गुड्स प्रकरणात नियमाला काय ऐकू आलं

24 मे 2013 च्या रात्री मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर सीमारेषेलगत बसलेल्या एका प्रेक्षकाने ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या अ‍ॅडम गुड्स या मूलनिवासी (अ‍ॅबोरिजिनल) खेळाडूला उद्देशून एक शब्द उच्चारला. शब्द एक, तोंड एक. सुरक्षारक्षक आले, प्रेक्षकाला बाहेर घेऊन गेले. प्रतिस्पर्धी क्लबचा अध्यक्ष त्याच रात्री पाहुण्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन माफी मागून आला. दुसऱ्या दिवशी खेळाडू पत्रकारांशी बोलला आणि प्रकरण मिटल्यासारखं वाटलं.

दोन वर्षांनी, 2015 च्या मोसमात, त्याच खेळाडूची मैदानामागून मैदानात हजारो लोक हुर्यो उडवत होते. चेंडू त्याच्या हातात आला की हुर्यो सुरू, चेंडू सुटला की बंद. या खेपेला शब्दच नव्हता, नुसता आवाज होता. त्या आवाजात नेमकं काय होतं हे या खेळाच्या राष्ट्रीय लीगला, म्हणजे एएफएलला (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग), ठरवता येईना. लीग आणि तिच्या अठराही क्लबांनी बिनशर्त माफी मागेपर्यंत जून 2019 उजाडला. तोवर गुड्सला निवृत्त होऊन पावणेचार वर्षं होत आली होती.

ऑस्ट्रेलियातल्या वंशद्वेषाचं उदाहरण म्हणून हे प्रकरण पुष्कळदा सांगितलं जातं. ते बरोबरच आहे. मला मात्र त्यातला एक लहानसा भाग जास्त खुणावतो. या लीगकडे वंशद्वेषी बोलण्याविरुद्ध नियम होता, तो वीस वर्षं जुना होता आणि बऱ्यापैकी चालतही होता. असं असूनही तिच्या सर्वांत नावाजलेल्या खेळाडूंपैकी एक जण तिच्या डोळ्यांदेखत मैदान सोडून गेला. हे घडलं कसं, ते क्रमाने पाहू.

खेळ आणि खेळाडू

मेलबर्नच्या कसोटीसाठी पहाटे पाचला गजर लावणाऱ्या आपल्या लोकांना एमसीजी ठाऊक असतं ते क्रिकेटमुळे. खुद्द मेलबर्नकरांच्या लेखी ते मार्च ते सप्टेंबर फुटबॉलचं मैदान असतं. हा फुटबॉल वेगळा. दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू, मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हाताने फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. ऑफसाइड नाही. एकमेकांच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत घेतलेले झेल ही या खेळाची शान.

खेळाचे नियम 1859 मध्ये मेलबर्नमध्ये लिहिले गेले. ते करणाऱ्यांपैकी टॉम विल्स हा पश्चिम व्हिक्टोरियात अ‍ॅबोरिजिनल मुलांच्या संगतीत वाढला होता. पॉसम या प्राण्याच्या कातड्याचा चेंडू करून खेळल्या जाणाऱ्या ‘मार्नग्रूक’ या मूलनिवासींच्या खेळातून हा फुटबॉल आला का, यावर तिथे अजून वाद चालतो. 2008 मध्ये खेळाला दीडशे वर्षं झाली म्हणून लीगने काढलेल्या ग्रंथात गुड्सने लेख लिहिला आणि हा खेळ मार्नग्रूकमधूनच आल्याचं आपण मानतो, असं सांगितलं. त्याच ग्रंथात एका इतिहासकार बाईंनी ही समजूत म्हणजे मोहक दंतकथा असल्याचं लिहिलं होतं. खेळ कुणाचा, हा प्रश्न हुर्यो सुरू होण्याच्या कितीतरी आधी असा छापून आलेला होता. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्यावं.

गुड्सचा जन्म 8 जानेवारी 1980 चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू गावचा. आई अद्न्यामथन्हा आणि नरंगा या मूलनिवासी समाजांची, वडील गोरे. सरकारने अ‍ॅबोरिजिनल मुलं आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या घरांत वाढवली, त्या ‘चोरलेल्या पिढ्यां’पैकी त्याची आई. साहजिकच घरात पूर्वजांची भाषा, गोष्टी, गाणी फारशी आलीच नाहीत. आईवडील वेगळे झाले, तीन मुलांना घेऊन आई गावं बदलत राहिली. गुड्स आधी सॉकर खेळायचा. मिल्ड्यूराजवळच्या मर्बिन गावी सॉकरचा संघ नव्हता म्हणून तो फुटबॉलकडे वळला. पुढे हॉर्शम, मग नॉर्थ बॅलरॅटचा तरुणांचा संघ, आणि 1997 च्या खेळाडू-निवडीत त्रेचाळिसाव्या क्रमांकावर सिडनी स्वान्स. त्रेचाळिसावा म्हणजे बऱ्याच क्लबांनी दोन-दोनदा डावलल्यावर. पहिलं अख्खं वर्ष राखीव संघात गेलं. 1999 मध्ये तो मुख्य संघात आला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला.

आकडे भराभर सांगतो. 372 सामने, 464 गोल. लीगमधलं सर्वोच्च वैयक्तिक पदक ब्राउनलो दोनदा, 2003 मध्ये दोघांबरोबर वाटून आणि 2006 मध्ये एकट्याने. चार वेळा सर्व-ऑस्ट्रेलिया संघात. दोन अजिंक्यपदं. पहिलं 2005 चं. क्लब मेलबर्नहून सिडनीला हलण्याआधीपासूनचा 72 वर्षांचा दुष्काळ त्याने संपवला, तोही अवघ्या चार गुणांनी. दुसरं 2012 चं. त्या सामन्यात गुड्सच्या गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला, तो लंगडत खेळत राहिला आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये गोल मारून गेला. बचाव, मधली फळी, आक्रमण, उंच उडी मारून चेंडू ढकलणारा ‘रक’, सगळ्या जागा तो खेळला. असे अष्टपैलू या खेळात विरळाच.

एक गोष्ट मात्र आकड्यांत मावत नाही. आपण कोण हे त्याला मोठेपणी शिकावं लागलं. सिडनीत खेळताना त्याने इओरा कॉलेजात अ‍ॅबोरिजिनल अभ्यासाची पदविका केली. 2009 मध्ये सहखेळाडू मायकल ओलॉक्लिनबरोबर मूलनिवासी मुलांच्या शिक्षणासाठी ‘गो फाउंडेशन’ काढलं. लहानपणी टोमणे ऐकले की मान खाली घालून निघून जायचं, हे त्याचं जुनं धोरण होतं. ते बदलायला त्याला बरीच वर्षं लागली.

शब्दाचा नियम

17 एप्रिल 1993. कॉलिंगवूड क्लबचं व्हिक्टोरिया पार्क मैदान. दिवसभर शिव्या खाल्लेल्या सेंट किल्डाच्या निकी विनमारने सामना जिंकल्यावर प्रेक्षकांकडे तोंड करून जर्सी वर उचलली आणि आपल्या काळ्या कातडीवर बोट ठेवलं. ते छायाचित्र पुढे ऑस्ट्रेलियातल्या घराघरांत पोचलं. दोन वर्षांनी, 1995 च्या अ‍ॅन्झॅक दिनी (युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस), एसेंडनच्या मायकल लाँगने प्रतिस्पर्ध्याने आपल्याला वंशावरून शिवी दिल्याची तक्रार केली आणि ती रेटून धरली. मैदानातलं मैदानात विसरायचं, हा तिथला रिवाज त्याने मोडला. त्यातून त्याच वर्षी नियम झाला. खेळाडू किंवा अधिकाऱ्याने कुणाचा वंश, वर्ण, धर्म यांवरून पाणउतारा केला तर तक्रार, मग समेट, समेट न झाल्यास सुनावणी.

त्या काळाच्या मानाने नियम चांगला होता. मैदानातल्या खेळाडूंमधली वंशावरची शिवीगाळ त्याने खरोखर कमी केली. पण त्याची बांधणी तक्रारीच्या अर्जासारखी होती: कोण बोललं, कुणाला बोललं, काय बोललं. तिन्ही रकाने भरता आले तरच अर्ज पुढे सरकायचा.

2013 च्या त्या रात्री तिन्ही रकाने भरलेले होते. मूलनिवासी खेळाडूंच्या गौरवासाठी राखलेल्या फेरीतला तो पहिला सामना, कॉलिंगवूडविरुद्ध. स्वान्स जिंकत होते. सीमारेषेपलीकडून ‘एप’ (वानर) असा शब्द आला. गुड्स थबकला, वळला, बोट दाखवून रक्षकाला ती व्यक्ती दाखवली. ती 13 वर्षांची मुलगी निघाली.

दुसऱ्या दिवशीच्या त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या, आणि पुढे लोकांनी त्यांतली एकच लक्षात ठेवली. काल रात्री वंशद्वेषाला एक चेहरा होता आणि तो 13 वर्षांच्या मुलीचा होता, हे तो म्हणाला. दोष तिचा नाही, ती ज्या वातावरणात वाढते त्याचा आहे, तिला धारेवर धरू नका, तिला आधार द्या, हेही तो त्याच दमात म्हणाला. मुलीने फोन करून माफी मागितली. त्याने ती स्वीकारली.

पाच दिवसांनी कॉलिंगवूडचा अध्यक्ष एडी मॅग्वायर रेडिओवर गप्पा मारताना म्हणाला, मेलबर्नमध्ये ‘किंग काँग’चं संगीत नाटक येतंय, त्याच्या जाहिरातीला गुड्सला बोलवायला हवं. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये माफी मागायला गेलेला अध्यक्ष तो हाच. मॅग्वायरनेही मग माफी मागितली, जीभ घसरल्याचं सांगितलं आणि तो पदावर राहिला. माझ्या मते प्रकरणाला पहिली गाठ इथे पडली. अजाण मुलीला मैदानाबाहेर काढलं गेलं आणि जाणत्या अध्यक्षाची खुर्ची हलली नाही. मुलीला बाहेर काढण्याचा निर्णय सुरक्षाव्यवस्थेचा होता, पण ‘पोरीला पकडून दिलं’ हा डाग लागला गुड्सला. अध्यक्षाचं प्रकरण नियमाच्या समेटाच्या वाटेने शांतपणे निघून गेलं.

शब्द संपतो, आवाज सुरू होतो

जानेवारी 2014 मध्ये गुड्सला ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांच्या हस्ते. हा पुरस्कार 26 जानेवारीच्या ‘ऑस्ट्रेलिया दिना’च्या निमित्ताने देतात. (आपला प्रजासत्ताक दिनही तोच, निव्वळ योगायोग.) 1788 मध्ये पहिल्या ब्रिटिश ताफ्याने सिडनीत झेंडा रोवला तो हा दिवस. मूलनिवासी लोकांपैकी अनेक जण त्याला आक्रमण-दिन म्हणतात, आणि आपल्या मनातही त्या दिवसाबद्दल राग आणि दुःख होतं हे गुड्सने लपवलं नाही. वर्षभर तो वंशद्वेषाविरुद्ध बोलत राहिला, राज्यघटनेत मूलनिवासींची दखल घ्यावी असं सांगत राहिला. पुरस्कार स्वीकारायचा आणि आभार मानून गप्प बसायचं, ही अपेक्षा त्याने मोडली.

2014 मध्येच हुर्यो अधूनमधून ऐकू येऊ लागली. 2015 च्या मोसमात ती पक्की झाली आणि एकेका क्लबाच्या चाहत्यांकडून दुसऱ्याकडे पसरत गेली.

29 मे 2015. सिडनी क्रिकेट ग्राउंड. पुन्हा मूलनिवासी फेरी, या वेळी कार्ल्टनविरुद्ध. दुसऱ्या क्वार्टरमध्ये गोल मारल्यावर गुड्स कार्ल्टनच्या चाहत्यांसमोर पावलं आपटत गेला आणि हातात नसलेला भाला फेकल्याचा आविर्भाव केला. मूलनिवासी किशोरांच्या ‘फ्लाइंग बूमरँग्स’ संघाच्या मुलांकडून शिकलेला तो नाच होता. मूलनिवासींच्या गौरवाची फेरी, म्हणून मूलनिवासी नाच. शेजारच्या न्यूझीलंडचा रग्बी संघ सामन्याआधी हाका हा माओरींचा नाच करतो तेव्हा ऑस्ट्रेलियातले प्रेक्षक तिकीट काढून तो बघतात, मोबाइलवर टिपतात. गुड्सच्या काही सेकंदांच्या नाचावर मात्र आठवडाभर चर्चा: धमकी होती, चिथावणी होती, भाला आमच्या दिशेने होता.

जो भाला नव्हताच तो आपल्याला लागला, असं मानणाऱ्यांची संख्या बरीच मोठी होती.

त्यानंतर हुर्यो दर सामन्याला. रेडिओवरचे अ‍ॅलन जोन्स, स्तंभलेखक अँड्र्यू बोल्ट अशी वजनदार मंडळी प्रेक्षकांच्या बाजूने उभी राहिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लोकांना गुड्सचा रंग खटकत नाही, त्याचं वागणं खटकतं.

हुर्यो उडवणाऱ्यांची बाजू

ही बाजू नीट मांडायला हवी, कारण लीग अडकली ती इथेच. म्हणणं चार प्रकारचं होतं. गुड्स फ्री किक मिळवण्यासाठी सोंग करून पडतो. त्याने एका लहान मुलीची अब्रू काढली. तो खेळात राजकारण आणतो. आणि सर्वांत वजनदार मुद्दा: लीगमध्ये इतके मूलनिवासी खेळाडू आहेत, त्यांची हुर्यो उडत नाही, मग हा वंशद्वेष कसा?

शिवाय हुर्यो हा या खेळातला प्रेक्षकांचा जुना हक्क. क्लब सोडून गेलेला खेळाडू परत आला की जुने चाहते हुर्यो उडवतात, पंचांची तर रोजच उडते. ‘आम्ही तिकीट काढलंय’ हे वाक्य मेलबर्नमध्ये आणि मुंबईत सारख्याच ठसक्यात म्हटलं जातं.

यांतला सोंगाचा मुद्दा फार टिकत नाही. गुड्स 1999 पासून खेळत होता. त्याला सोंगाची सवय होती असं घटकाभर धरलं, तरी ती 35 व्या वर्षी लागलेली नव्हती. चौदा मोसम, दोन ब्राउनलो, दोन अजिंक्यपदं, आणि इतक्या काळात अशी सततची हुर्यो नाही. ती सुरू झाली तो क्रम पाहा: मुलीची घटना, पुरस्कार, भाषणं, नाच. या मधल्या काळात त्याच्या खेळण्यात काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते त्याचं बोलणं.

चौथ्या मुद्द्याचं उत्तरही याच क्रमात सापडतं. बाकीच्या मूलनिवासी खेळाडूंची हुर्यो उडत नव्हती हे खरं. त्या मोसमात लीगमधल्या दर दहा खेळाडूंमागे साधारण एक मूलनिवासी होता, तर देशाच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास. पळणाऱ्या, झेपावणाऱ्या, हसून सही देणाऱ्या काळ्या खेळाडूवर प्रेक्षकांचं प्रेमच होतं. गुड्सच्या बाबतीत त्यांना खपलं नाही ते त्याने रंगाबद्दल बोलणं. तेव्हा प्रत्येक हुर्यो उडवणारा वंशद्वेषी होता का, या प्रश्नाला होकारार्थी उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही. शेजारचा ओरडतोय म्हणून ओरडणारे हजारो असणार. पण त्यांच्या ओरडण्यामुळे बाकीच्यांना लपायला जागा मिळाली आणि मैदानाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचणारा आवाज एकच होता.

लीगची अडचण

लीगचा मुख्य कार्यकारी अधिकारी गिलन मॅकलाक्लन याच्यासमोर तोच तक्रारीचा अर्ज होता. कोण बोललं? कुणाचं नाव घालायचं? काय बोललं? ‘ऊऽऽ’. शब्दाशिवाय नियमाला पकडच नव्हती. सुरुवातीचे आठवडे लीगची भाषा सांभाळून होती: हे योग्य नाही, लोकांनी विचार करावा. वंशद्वेष हा शब्द टाळला जात होता. प्रेक्षक म्हणजे लीगचे गिऱ्हाईक, आणि लाखो गिऱ्हाइकांना वंशद्वेषी म्हणायचं धाडस कोण करणार?

स्वान्सचा अध्यक्ष अँड्र्यू प्रिडमने मात्र हे वंशद्वेषच असल्याचं स्पष्ट सांगून टाकलं. इथे मला प्रकरणाचा कणा दिसतो. प्रिडमकडे लीगपेक्षा जास्त पुरावा नव्हता. दोघांनी ऐकला तो आवाज एकच. प्रिडमने घटनांचा क्रम जोडून अर्थ लावला, लीग शब्दाची वाट बघत राहिली.

वाट बघण्याची किंमत 26 जुलैला कळली. पर्थचं सुबियाको ओव्हल, प्रतिस्पर्धी वेस्ट कोस्ट. गुड्सचा चेंडूला स्पर्श झाला की हुर्यो, आणि ती आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी. त्याचा मूलनिवासी सहकारी लुइस जेटा याने गोल मारला आणि प्रेक्षकांकडे वळून तोच भाल्याचा नाच केला. मित्रासाठी केलेला. त्या आठवड्यात गुड्सने रजा घेतली. पुढच्या सामन्यात तो खेळणार नव्हता, आणि पुन्हा कधी खेळेल की नाही हे प्रशिक्षक जॉन लाँगमायरलाही छातीठोक सांगता येत नव्हतं.

मग सगळे हलले. अठराही संघांच्या कर्णधारांनी मिळून हुर्यो थांबवण्याचं आवाहन केलं. रिचमंडचा संघ मूलनिवासी नक्षीची जर्सी घालून उतरला. या हुर्योतून वंशाचा मुद्दा वेगळा काढता येणार नाही, हे आता मॅकलाक्लननेही मान्य केलं. 1 ऑगस्टला सिडनीच्या मैदानावर अ‍ॅडिलेडविरुद्ध सामना होता. गुड्सच्या जर्सीचा क्रमांक 37. तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि तिथे नसलेल्या खेळाडूसाठी टाळ्या वाजवू लागलं.

म्हणजे प्रेक्षकांना थांबवता येत होतं. जीलाँगच्या मैदानावर तो परतला तेव्हा प्रतिस्पर्धी क्लबाच्या चाहत्यांनीही त्याचं टाळ्यांनी स्वागत केलं. जे जुलैच्या अखेरीस आठवड्याभरात झालं ते जूनच्या सुरुवातीला का झालं नाही, याचं पटणारं उत्तर मला कुठल्याच निवेदनात सापडलेलं नाही. नवा पुरावा आला नव्हता, नियम बदलला नव्हता. फक्त खेळाडू घरी बसला होता.

19 सप्टेंबर 2015 ला स्वान्स उपांत्य फेरीत नॉर्थ मेलबर्नकडून हरले. सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये गुड्सने सहकाऱ्यांना सांगितलं की आपण थांबतोय. मैदानावर निरोप नाही, हात हलवणं नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी त्या वर्षी निवृत्त होणाऱ्या खेळाडूंना उघड्या गाड्यांतून एमसीजीला फेरी मारायला नेतात, प्रेक्षक उभे राहून टाळ्या देतात. गुड्सने त्या गाडीत बसायला नकार दिला.

वानखेडे, सिडनी आणि पुन्हा सिडनी

इथे थोडं आपल्याकडे वळतो, कारण हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. 17 ऑक्टोबर 2007 ला मुंबईत वानखेडेवर भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना होता. अँड्र्यू सायमंड्सला उद्देशून स्टँडमधून माकडाचे आवाज आणि हावभाव झाले. छायाचित्रं छापून आली, पोलिसांनी चार प्रेक्षकांवर कारवाई केली. तीन महिन्यांनी सिडनीच्या कसोटीत हरभजन सिंग सायमंड्सला ‘मंकी’ म्हणाला की हिंदीतली तशीच ऐकू येणारी शिवी हासडली, यावर दोन देशांचे क्रिकेट संबंध तुटायची वेळ आली. अपिलाच्या सुनावणीत सचिन तेंडुलकरने साक्ष दिली आणि तीन कसोट्यांची बंदी जाऊन दंडावर निभावलं. तिथेही सगळा खटला एका शब्दावर उभा होता: म्हटला की नाही. सायमंड्सला काय लागलं, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

आणि जानेवारी 2021. तेच सिडनीचं मैदान, भारताचा कर्णधार आपला अजिंक्य रहाणे. सीमारेषेजवळ मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून शिव्या आल्या. सिराजने कर्णधाराला सांगितलं, रहाणे पंचांकडे गेला, खेळ थांबला. सिराजने नंतर सांगितल्याप्रमाणे पंचांनी मैदान सोडण्याचा पर्याय दिला होता. रहाणेचं म्हणणं होतं की आम्ही खेळणार, त्रास देणाऱ्यांना बाहेर काढा. सहा जणांना बाहेर काढलंही गेलं. नंतरच्या चौकशीत भारतीय खेळाडूंना वंशद्वेषी वागणूक मिळाल्याचं क्रिकेट ऑस्ट्रेलियाने मान्य केलं, पण बाहेर काढलेले ते सहा जण दोषी नव्हते, असंही त्याच अहवालात निघालं. गुन्हा सिद्ध झाला आणि गुन्हेगार सापडला नाही. तरीही रहाणे जे करू शकला त्याचं मोल मला वाटतं: त्याने नेमक्या शब्दाचा पुरावा मागत बसण्याआधी आपल्या खेळाडूवर विश्वास ठेवला आणि त्याच मिनिटाला खेळ थांबवला. गुड्ससाठी 2015 च्या अख्ख्या मोसमात कुणी सामना थांबवला नाही.

माफीनंतर

2016 मध्ये लीगचे तेव्हाचे अध्यक्ष माइक फिट्झपॅट्रिक यांनी कबूल केलं की आपण कृती करायला उशीर केला. जून 2019 मध्ये गुड्सच्या शेवटच्या तीन वर्षांवर एक माहितीपट आला. त्यात नव्या मुलाखती नाहीत, निवेदक नाही, फक्त त्या काळातल्या बातम्या, सामने आणि टीव्हीवरच्या गप्पा ओळीने लावलेल्या. म्हणजे पुन्हा तोच क्रम, ज्याच्याकडे लीगने बघितलं नव्हतं. तो प्रदर्शित होण्याच्या दिवशी लीग आणि अठरा क्लबांनी मिळून माफी मागितली. वंशद्वेषाला वंशद्वेष म्हणण्यात आम्ही चुकलो, असा त्या निवेदनाचा आशय होता.

कॉलिंगवूडने आपल्या कारभाराची चौकशी करवून घेतली आणि क्लबमध्ये वंशद्वेष मुरलेला असल्याचा अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये बाहेर आला. अहवाल जाहीर करताना मॅग्वायरने हा क्लबसाठी अभिमानाचा दिवस असल्याचं म्हटलं. आठवडाभरात त्याला अध्यक्षपद सोडावं लागलं. पुन्हा एकदा तो सापडला तो स्वतःच्याच शब्दात.

निवृत्तीनंतर पाच वर्षं झाली की खेळाडू हॉल ऑफ फेमसाठी पात्र ठरतो. गुड्सची पाळी 2021 मध्ये आली. समितीने त्याची निवड केली होती. जून 2021 मध्ये लीगचे अध्यक्ष रिचर्ड गॉयडर यांनी जाहीर केलं की गुड्सने हा मान घ्यायला नकार दिला आहे, आणि त्याला मिळालेल्या वागणुकीबद्दल पुन्हा एकदा खेद व्यक्त केला. त्या वर्षीच्या समारंभात 372 सामन्यांच्या, दोन ब्राउनलोंच्या या खेळाडूचं नाव पुकारलं गेलं नाही.